लोक-रॉक बँडचा स्टुडिओ अल्बम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रम सेटजवळ आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. मँडोलिन, बासरी किंवा बोटांनी छेडलेली गिटार त्याच्या कितीतरी खाली असते. मंचावर ही दरी साउंड सिस्टीम भरून काढते. स्टुडिओत ती उघडी पडते. खालचे बहुतेक प्रश्न फिरून याच दरीपाशी येतात, म्हणून उत्तरं वाचताना ती लक्षात ठेवा: हळू वाजणाऱ्या वाद्याला जागा मिळतेय का, एवढंच आधी बघायचं.

अल्बममध्ये किती गाणी घ्यावीत आणि एकूण किती वेळ लागतो?

८ ते १२ गाणी, ३५ ते ४५ मिनिटं. पुढेमागे विनाइल काढायचा विचार असेल तर एका बाजूला १८ ते २० मिनिटांच्या आत राहा. बाजू लांबली की खाचा जवळजवळ कोराव्या लागतात, आवाजाची पातळी खाली येते आणि हळू गाण्यांखाली पृष्ठभागाची खरखर ऐकू येते.

१० गाण्यांचा ढोबळ हिशेब असा: तालीम आणि डेमो ४ ते ६ आठवडे, ड्रम, बास आणि मुख्य गिटारचा पाया ३ ते ४ दिवस, वरची वाद्यं ६ ते ८ दिवस, गायन रोज दोन गाणी याप्रमाणे ५ दिवस, मिक्सिंगला गाण्यामागे एक दिवस आणि शेवटी दुरुस्तीचे २ दिवस, मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) १ ते २ दिवस. गायनाचे दिवस सलग घेऊ नका. तिसऱ्या दिवशी गळा बसतो आणि शेवटची तीन गाणी बाकीच्यांपेक्षा थकलेली वाटतात.

स्टुडिओत पाऊल ठेवण्याआधी काय ठरलेलं असलं पाहिजे?

प्रत्येक गाण्याची पट्टी, लय, रचना आणि कोण कुठे वाजवणार नाही हे. चौथी गोष्ट बहुतेक बँड विसरतात. तालमीत सगळे सगळीकडे वाजवतात, कारण स्वतःचं वाद्य स्वतःला ऐकू येत असतं. फोनवर केलेलं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका. गिटारचा ठोका, मँडोलिनची चाप (तारा लगेच दाबून मारलेला छोटा ठोका) आणि हाय-हॅट (ड्रम सेटमधली पायाने वाजणारी झांजांची जोडी) तिघंही एकाच जागी वाजत असतील तर पहिल्या कडव्यात दोघांना थांबवा. हे काम तालमीच्या खोलीत फुकट होतं. मिक्सिंगमध्ये तेच करायला तासन्‌तास जातात आणि वाजवणाऱ्याचं मनही दुखतं.

प्रत्येक गाण्याचा एक कागद करा: लय किती बीपीएम (मिनिटाला किती ठोके), मुखडा किती आवर्तनं, मधलं संगीत किती मात्रांचं, शेवट कसा. हा कागद साउंड इंजिनिअरलाही द्या. ‘दुसऱ्या अंतऱ्यापासून घेऊ’ म्हटल्यावर त्याला तो अंतरा शोधत बसावं लागू नये.

गायकाची पट्टी आणि गिटारची पट्टी जुळत नाही. कोणी माघार घ्यायची?

गायकाची पट्टी पहिली. पण अर्धा सूर इकडेतिकडे केल्याने काय मिळतं ते आधी तपासा.

समजा गायक काळी १ (सी शार्प) मध्ये गातो. गिटारवादक पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून सी च्या कॉर्डचे आकार धरेल, किंवा चौथ्या फ्रेटवर लावून ए चे. त्याचं काम भागलं. अडचण व्हायोलिन आणि मँडोलिनची होते. दोघांच्याही मोकळ्या तारा जी, डी, ए, ई अशा लागलेल्या असतात. काळी १ मध्ये गाण्याचा सा कुठल्याच मोकळ्या तारेवर सापडत नाही, त्यामुळे मोकळ्या तारांची गुंजन जाते आणि लोकसंगीताचा जो खुला बाज हवा असतो तोच नाहीसा होतो. गायकाला पांढरी २ झेपत असेल तर अर्धा सूर वर घ्या. मोकळी डी तार थेट सा होते. झेपत नसेल तर व्हायोलिन आणि मँडोलिनच्या चारही तारा अर्धा सूर उतरवून लावा. आवाज किंचित सैल आणि गडद होतो, तोही पुष्कळदा शोभतो. तारा उतरवल्यावर त्या स्थिरावायला अर्धा तास द्या.

पट्टी पक्की करताना गाण्याचा सगळ्यात वरचा सूर सलग पाच वेळा गाऊन बघा. पहिल्यांदा लागलेला सूर पाचव्या वेळीही तसाच लागला तर पट्टी बरोबर.

ट्यूनरवर सगळं जुळलं, तरी हार्मोनियम आली की बेसूर का वाटतं?

कारण हार्मोनियमच्या पट्ट्या (आतले धातूचे रीड) ट्यूनरचं ऐकत नाहीत. हार्मोनियम आणि ॲकॉर्डियन कारखान्यात किंवा कारागिराकडे एकदाच लागतात, आणि पुष्कळ वाद्यं मधल्या ए ला ४४० ऐवजी ४४२ हर्ट्झ किंवा त्याहून थोडी वर असतात. ४४० आणि ४४२ मध्ये साधारण ८ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक आहे. लांबवलेल्या सुरावर सेकंदाला दोन हेलकावे स्पष्ट ऐकू येतात.

उपाय सोपा आहे, फक्त पहिल्या दिवशी सकाळी करायचा असतो. हार्मोनियमचे पाच-सहा सूर ट्यूनरवर मोजा, सरासरी काढा आणि सगळ्यांच्या ट्यूनरचा संदर्भ त्या आकड्यावर न्या. अल्बमभर तोच आकडा. कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर वाद्यांचाही तोच. ॲकॉर्डियनच्या काही रजिस्टरमध्ये (कळ दाबून निवडायच्या पट्ट्यांच्या संचांमध्ये) दोन पट्ट्या मुद्दाम किंचित वेगळ्या लावलेल्या असतात, त्यातूनच तो थरथरता गोडवा येतो. मोजताना एकच पट्टी वाजणारं रजिस्टर निवडा.

बांबूच्या बासरीची गोष्ट निराळी. हवा तापली की तिचा सूर चढतो, एका अंश सेल्सिअसला सुमारे ३ सेंट. थंड स्टुडिओत पहिला टेक हमखास उतरलेला लागतो. दहा मिनिटं फुंकून घ्या, मगच ट्यूनर बघा.

क्लिक लावून वाजवायचं की नाही?

क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये लय दाखवणारा ठोका. सरसकट उत्तर देता येत नाही, पण ठरवायची पद्धत आहे. गायक आणि एक गिटार यांच्याकडून क्लिकशिवाय गाणं वाजवून घ्या. मग प्रत्येक भागाची लय मोजा. मुखडा ९६, अंतरा ९७, शेवटचा मुखडा ९९ असं निघालं तर ते गाणं श्वास घेतंय. त्याला ९६ च्या एकाच क्लिकला बांधलं तर शेवट मरगळतो. अशा वेळी लयीचा नकाशा बनवा: भागानुसार बीपीएम बदला आणि बदल नव्या भागाच्या एक आवर्तन आधी सुरू करा, कारण माणसं लय वाढवतात ती ड्रमची तोड (दोन भाग जोडणारा तुकडा) वाजतानाच. अंतऱ्याच्या आतच लय ९६ वरून १०२ वर पळत असेल तर मात्र तो श्वास म्हणता येणार नाही. ते घाईचं लक्षण आहे; अजून तालीम हवी.

क्लिकचा आवाजही महत्त्वाचा. टोकदार बीपऐवजी शेकरचा छोटा लूप द्या, लोक त्याच्यासोबत वाजवतात. बीपचा मात्र पाठलाग करतात. संथ गाण्यात मात्रेच्या मध्येही ठोका ठेवा, नाहीतर दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेत प्रत्येकजण वेगळा चालतो.

क्लिकशिवाय घ्यायचं ठरलं तर दोन खुणा रेकॉर्ड करायला विसरू नका. सुरुवातीचे मोजणीचे ठोके, आणि गाण्यात मधेच सगळे थांबत असतील तर त्या शांततेत ड्रमरने हाय-हॅटच्या पायाने दिलेले ठोके. नंतर ते पुसता येतात. ते नसले तर महिन्याने येणाऱ्या व्हायोलिनवादकाला पुढचा सूर कधी पडणार ते कळायला मार्ग नसतो.

आधी फक्त गिटार आणि गाणं घेऊन त्यावर नंतर ड्रम चढवले तर?

होतं, पण उलट्या दिशेने काम करावं लागतं. या प्रकाराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९६५ चं आहे. सायमन आणि गारफंकल यांनी १९६४ मध्ये फक्त गिटारवर गायलेल्या ‘द साउंड ऑफ सायलेन्स’वर निर्माता टॉम विल्सन यांनी, त्या दोघांना न कळवता, इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले. मूळ गिटारची लय थोडी हलती होती आणि नव्या वादकांना तिच्या मागे मागे जावं लागलं. पुढे ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

आज हेच करायचं असेल तर मूळ गिटारवर एक एक आवर्तन पकडून लयीची खूण घाला आणि सॉफ्टवेअरला त्या खुणांवरून हलता क्लिक बनवू द्या. ड्रमरला तो क्लिक आणि मूळ गिटार दोन्ही ऐकवा, गिटार थोडी वर. आधी बास चढवू नका. ड्रमर गिटारकडे बघतो आणि बास ड्रमरकडे; हा क्रम उलटला की तिघं तीन ठिकाणी पडतात.

सगळ्यांनी एकत्र वाजवायचं की एकेकाने?

आमचं मत स्पष्ट आहे: ड्रम, बास आणि ठेका धरणारी गिटार एकत्र, गायक मार्गदर्शक आवाजासाठी वेगळ्या खोलीत, बाकीची वाद्यं नंतर. पाया एकेक करून बांधला तर आवाज स्वच्छ येतो, पण गायक ओळीच्या शेवटी थांबला म्हणून ड्रमर थांबला, असं काही घडत नाही, आणि लोक-रॉकमध्ये ऐकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

हळू वाद्यं ड्रमच्या खोलीत ठेवू नका. मँडोलिनचा माइक वर उचलला की त्यात झांजांचा आवाज मँडोलिनइतकाच येतो, आणि पुढे मँडोलिनला धार द्यायला गेलात की झांजांना धार येते. दुसरी खोली नसेल तर ड्रमरच्या हातात काठ्यांऐवजी रॉड्स द्या, म्हणजे बारीक काड्यांची जुडी. आवाज बराच खाली येतो, वाजवण्याचा जोर तोच राहतो. मधे आत रॉकवूल भरलेल्या हलत्या भिंती उभ्या करा. त्या वरच्या सुरांचा आवाज अडवतात. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि बास त्यांना वळसा घालून जातातच.

दोन माइक जवळ असले की आवाज पोकळ का होतो?

एकच आवाज दोन माइकना वेगवेगळ्या वेळी पोचतो म्हणून. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ सेंमीच्या फरकाला साधारण अर्धा मिलिसेकंद. तेवढ्या उशिराने दोन्ही माइक सारख्या पातळीवर मिसळले की १ किलोहर्ट्झपाशी आवाज जवळजवळ पुसला जातो, आणि वर ३, ५, ७ किलोहर्ट्झलाही. ढोबळ नियम तिपटीचा: वाद्यापासून माइक २० सेंमीवर असेल तर शेजारचा माइक किमान ६० सेंमी दूर हवा.

गाता गाता गिटार वाजवणाऱ्यासाठी यापेक्षा चांगली युक्ती आहे. आठच्या आकडी पॅटर्नचे (पुढून आणि मागून ऐकणारे) दोन माइक घ्या; अशा माइकला डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी, म्हणजे ९० अंशांवर, जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. गाण्याच्या माइकची बहिरी बाजू गिटारकडे आणि गिटारच्या माइकची बहिरी बाजू तोंडाकडे वळवा. हेडफोन लावून अंशाअंशाने फिरवा. योग्य कोन सापडला की दुसऱ्याचा आवाज एकदम मागे सरकतो.

ड्रमसाठी किती माइक?

या संगीताला चार पुरतात. ध्वनिअभियंता ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी घ्या: एक माइक स्नेअरच्या (ड्रमरसमोरच्या तडतडणाऱ्या ड्रमच्या) वर साधारण १ मीटरवर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, कडेपेक्षा १५ सेंमी वर, टॉमवरून हाय-हॅटच्या दिशेने बघणारा. दोन्ही माइकचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर दोरी लावून एकसारखं करा. अंदाजाने चालत नाही. ५ सेंमी चुकलं तरी स्नेअर एका बाजूला झुकतो आणि पातळ होतो. उरलेले दोन किक आणि स्नेअरला.

चार माइकमध्ये खोलीचा आवाज येतो आणि ड्रम बाकी वाद्यांसारखेच एका जागी बसलेले वाटतात. बारा माइकचा ड्रम एका बाजूला आणि एका माइकची मँडोलिन दुसऱ्या बाजूला, असं झालं की दोन वेगवेगळे बँड वाजल्यासारखं वाटतं.

ढोलकी आणि ड्रम सेट एकत्र बसत नाहीत, काय करावं?

आधी सूर, मग माइक. शाईचं तोंड गाण्याच्या सा ला लावलेलं हवं. म्हणजे दर पट्टीला ढोलकी नव्याने लावावी लागणार किंवा वेगळी घ्यावी लागणार. म्हणून ढोलकीच्या दिवसांत गाणी अल्बमच्या क्रमाने घेऊ नका, पट्टीच्या क्रमाने घ्या. एसीच्या कोरड्या हवेत चामडं ओढलं जातं आणि सूर चढतो. वाद्य किमान तासभर आधी त्या खोलीत ठेवा आणि मधे एसी बंद-चालू करू नका.

माइक दोन, प्रत्येक तोंडापासून २५ ते ३० सेंमी. दोघे समोरासमोर असल्यामुळे एकाची फेज (लहरीची दिशा) उलटी करून ऐका, ज्या स्थितीत घूम जास्त भरते ती ठेवा. मिक्समध्ये भांडण किक आणि ढोलकीच्या घुमणाऱ्या तोंडाचं असतं. किकचं वजन ५० ते ७० हर्ट्झमध्ये ठेवा, १०० ते १२० मध्ये ३ डेसिबल कमी करा आणि ती जागा ढोलकीला द्या. त्याहून चांगलं म्हणजे वाजवतानाच ठरवा: ढोलकी भरात असलेल्या कडव्यात ड्रमरने फक्त किक आणि हाय-हॅट धरायची.

ॲकूस्टिक गिटारला पिकअप की माइक?

माइक. पिकअपची (वाद्याला बसवलेल्या, कंपन टिपणाऱ्या तुकड्याची) वायर लावून ठेवा, पण ती विम्यासारखी. ब्रिजखालच्या पिएझो पिकअपला लाकडाची हवा ऐकू येत नाही, आणि जोरात ठोकलं की त्यातून रबर ताणल्यासारखा आवाज येतो.

लहान डायफ्रामचा कंडेन्सर माइक बाराव्या फ्रेटसमोर २० ते ३० सेंमीवर, किंचित गिटारच्या अंगाकडे वळवलेला. भोकासमोर ठेवू नका. आतल्या हवेचा अनुनाद मोठ्या गिटारमध्ये १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथे सगळं घुमतं. तारा आदल्या दिवशी बदला, ताणून घ्या. त्याच दिवशी बदलल्या तर दर टेकला सूर उतरतो, आठवडाभराच्या जुन्या असल्या तर चमक गेलेली असते. कॅपो लावल्यावर पुन्हा सूर लावा, कारण कॅपोचा दाब तारा चढवतो. खोलीत आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. आणि वाजवणाऱ्याने घड्याळ, कडं, धातूच्या गुंड्यांचा शर्ट बाजूला ठेवावा. हे आवाज नंतर काढता येत नाहीत.

व्हायोलिन, मँडोलिन आणि बासरीसाठी माइक कुठे?

व्हायोलिनला वरून ६० ते ९० सेंमी. जवळ आणलं की गजाची कुरकुर येते. रिबन माइक (आत धातूची पातळ फीत असलेला) असेल तर तोच घ्या. ३ किलोहर्ट्झजवळची कर्कश धार तो आपोआप मऊ करतो. मात्र जुन्या रिबन माइकला ४८ व्होल्टचा फँटम (माइकच्या वायरीतूनच दिली जाणारी वीज) देऊ नका, सदोष वायर असेल तर रिबन कायमची जाते. एकाच वादकाकडून व्हायोलिनचा ताफा भासवायचा असेल तर दोनऐवजी तीन टेक घ्या. दोन टेक एकमेकांवर सरकताना ऐकू येतात, तिसऱ्याने ते झाकलं जातं.

मँडोलिन: २० ते ३० सेंमी, मान जिथे अंगाला मिळते तिथे. तिचे तारांचे जोड नेमके एका सुरात आहेत का ते दर टेकआधी बघा. बासरी: फुंकरीच्या छिद्राच्या थोडं वर, २५ सेंमीवर, फुंकर थेट माइकवर येणार नाही अशी.

बास आणि इलेक्ट्रिक गिटारचं काय?

बास थेट डीआयमधून (वाद्य सरळ टेबलाला जोडणाऱ्या पेटीतून) आणि ॲम्पच्या माइकवर, दोन्ही. ॲम्पचा आवाज ३० सेंमीला जवळपास १ मिलिसेकंद उशिरा येतो, तो सरकवून डीआयशी जुळवा. इलेक्ट्रिक गिटारचं विकृतीकरण (डिस्टॉर्शन) मंचापेक्षा निम्म्यावर आणा, कारण जास्त गेनमध्ये सुरांच्या मधल्या जागा भरून जातात आणि तिथेच मँडोलिन राहत असते. बारा तारांची गिटार घेणार असाल तर कॉम्प्रेसरला (मोठ्या आणि लहान आवाजातला फरक कमी करणाऱ्या यंत्राला) घाबरू नका. अमेरिकन बँड द बर्ड्सच्या रॉजर मॅकगिन यांनी सांगितलं आहे की त्यांच्या रिकनबॅकर गिटारचा तो लांब टिकणारा झंकार एकापाठोपाठ लावलेल्या दोन कॉम्प्रेसरमधून आला होता.

हेडफोनमधला क्लिक रेकॉर्डिंगमध्ये का उतरतो?

हेडफोन उघड्या पाठीचा असतो, किंवा गायकाने एक कान मोकळा केलेला असतो आणि तो मोकळा कप माइककडे आवाज सोडत असतो. बंद पाठीचा हेडफोन द्या आणि मोकळ्या बाजूचा आवाज टेबलावरूनच बंद करा. शेवटच्या झंकारात क्लिक सगळ्यात जास्त बोचतो, तेव्हा शेवटचा ठोका पडताच क्लिक खाली आणायची सवय इंजिनिअरने लावून घ्यावी.

गायन आणि कोरस कसा घ्यावा?

माइकपासून १५ ते २० सेंमी, मधे पॉप फिल्टर. खुल्या, पहाडी आवाजाच्या गायकाला ३० ते ४० सेंमी मागे उभं करा. मोठ्या आवाजात जवळ उभं राहिलं की छातीचा भाग फुगतो आणि वरचा सूर कोंडल्यासारखा वाटतो. संपूर्ण गाण्याचे ४ ते ५ टेक घ्या, मग ओळीओळीने निवडा. शब्दाशब्दाने निवडू नका, श्वास तुटतो.

कोरससाठी तीन-चार जण एका माइकभोवती अर्धवर्तुळात, ६० सेंमी ते १ मीटरवर; मोठा आवाज मागे. जागा बदलून दुसऱ्यांदा घ्या आणि दोन्ही टेक डावी-उजवीकडे पसरवा. ओळीच्या शेवटचे ‘स’, ‘श’, ‘च’ एकानेच उच्चारावेत. चौघांचे चार ‘स’ चार वेळी पडले की फटाक्यांची लड लागल्यासारखं होतं.

सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर वापरावं का?

हाताने, एखाद्या सुरापुरतं. आपोआप चालणाऱ्या दुरुस्तीला मींड आणि चूक यातला फरक कळत नाही. ती प्रत्येक ओढीला पायऱ्या पाडते. एका ओळीत तीनपेक्षा जास्त सूर दुरुस्त करावे लागत असतील तर ती ओळ पुन्हा गाऊन घ्या.

रेकॉर्डिंगची सेटिंग्ज काय ठेवावीत?

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सरासरी पातळी −१८ डेसिबलच्या आसपास, शिखरं −१० ते −६ मध्ये. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, त्यामुळे शून्याला टेकवून घ्यायचं काही कारण नाही. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) रेकॉर्डिंगला १२८ सॅम्पल, म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, मिक्सिंगला १०२४. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला ८.६४ एमबी लागतात. ४ मिनिटांचं, ३२ ट्रॅकचं गाणं म्हणजे एका टेकला साधारण १.१ जीबी.

मिक्समध्ये लोकवाद्यं गायब होतात. कुठे चुकतं?

बहुतेकदा सुरुवातीच्या क्रमात. किकपासून सुरुवात केली की ड्रम मोठे आणि सुंदर होतात आणि बाकी सगळ्यांना उरलेल्या जागेत बसावं लागतं. गाणं आणि मुख्य लोकवाद्य यांपासून सुरुवात करा. ती दोन नीट ऐकू येऊ लागली की ड्रम हळूहळू वर आणा, आणि शब्द बुडायला लागले की एक पायरी मागे या. ड्रम तिथेच थांबतात.

मग जागा वाटा. पूर्ण बँड वाजत असताना गिटारला १०० ते १२० हर्ट्झखाली कापा आणि २०० ते २५० मध्ये २-३ डेसिबल कमी करा. गिटार एकटी उरते तिथे मात्र हा कट ऑटोमेशनने काढून घ्या, नाहीतर ती कागदी वाटते. गिटार डावीकडे, मँडोलिन तितकीच उजवीकडे. व्हायोलिन आणि आवाज दोघेही २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये चमकतात. शब्द चालू असताना व्हायोलिन २ डेसिबल खाली, ओळ संपताच वर. हे हाताने केलेलं चढउतार कुठल्याही इक्वलायझरपेक्षा जास्त काम करतं. सगळ्यांना रिव्हर्बची (कृत्रिम घुमाऱ्याची) एकच छोटी खोली द्या, ०.६ ते १ सेकंदाची. आवाजाला वेगळा लांब रिव्हर्ब हवा असेल तर त्याआधी ३० मिलिसेकंदांची उसंत ठेवा, म्हणजे शब्दाची सुरुवात कोरडी राहते. शेवटी मोनोमध्ये, अगदी हळू आवाजात ऐका. त्या अवस्थेत मँडोलिनची चाप ऐकू आली तर मिक्स झालं.

मास्टरिंगला काय द्यायचं आणि किती मोठ्याने करायचं?

२४ बिटची वेव्ह फाइल, शिखर −३ ते −६ डेसिबल, मुख्य बसवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या वाहिनीवर) लिमिटर नको. स्पॉटिफाय आणि यूट्यूब −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाच्या एककाच्या) आसपास पातळी आणतात, त्यामुळे अल्बम −८ ला दाबून काही पदरात पडत नाही. तिथे तो खालीच ओढला जातो आणि ड्रमचा ठोका चपटा मात्र कायमचा राहतो. −११ ते −१४ मध्ये हे संगीत मोकळं वाटतं. ट्रू पीक (लहरीचं खरं शिखर) −१ डेसिबल ठेवा, कारण एमपी३ किंवा एएसी करताना शिखरं वाढतात. एकट्या बासरीचं संथ गाणं बाकीच्यांच्या पातळीला आणू नका. स्पॉटिफायवर अल्बम सलग ऐकला तर गाण्यांमधला मूळ फरक राखला जातो.

गाण्यांचा क्रम लावताना काय बघावं?

पट्टी आणि लय. एकाच पट्टीची, जवळच्या लयीची दोन गाणी शेजारी ठेवली की दुसरं गाणं पहिल्याचं शेपूट वाटतं. विनाइलसाठी जोरकस गाणी बाहेरच्या कडेला आणि शांत गाणी आत ठेवा. सुईखालून जाणाऱ्या खाचेचा वेग बाहेर सेकंदाला ५० सेंमी असतो, आत २१ च्या आसपास उतरतो, आणि तिथे ‘स’चे उच्चार फाटतात.

पारंपरिक गाणं घेतलं तर परवानगी लागते का?

चाल आणि शब्द खरोखर अनाम, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असतील तर ते कोणा एकाच्या मालकीचे नसतात आणि तुमच्या मांडणीवर तुमचा हक्क असतो. चूक होते ती ‘पारंपरिक’ समजण्यात. पुष्कळदा एखाद्या कवीने लिहिलेलं गाणं गाजून लोकगीत ठरतं, किंवा तुम्ही ऐकलेली चाल एखाद्या गायकाने स्वतः बदललेली असते. त्या गाण्याची किमान तीन जुनी रूपं शोधा. सगळ्यांत जे समान आहे ते परंपरेचं. एखाद्या गायिकेकडून किंवा समाजाकडून गाणं शिकला असाल तर विचारा, नाव छापा आणि उत्पन्नातला वाटा लेखी ठरवा. कायदा मागो न मागो, हे करायलाच हवं. काही गाणी ठरावीक विधींचीच असतात. ती द्यायला नकार मिळाला तर तो मानावा.

स्वतःच्या गाण्यांसाठी रेकॉर्डिंगच्या आधीच वाटणीचा कागद करा: शब्द, चाल, मांडणी, प्रत्येकाचा टक्का, बेरीज १००, सगळ्यांच्या सह्या.

प्रकाशनापूर्वी कोणते कोड आणि फाइली लागतात?

प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षरी आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा आंतरराष्ट्रीय ओळख-कोड), अल्बमला बारकोड, ३००० × ३००० पिक्सेलचं चौकोनी मुखपृष्ठ, आणि प्रत्येक वादकाचं नाव एकाच पद्धतीने लिहिलेली यादी. रिमिक्सला किंवा मंचावरच्या आवृत्तीला नवा आयएसआरसी. वितरकाकडे किमान ४ आठवडे आधी द्या.

काम संपल्यावर काय जपून ठेवायचं?

फक्त सॉफ्टवेअरची सेशन फाइल ठेवू नका, काही वर्षांनी ती उघडेल याची खात्री नसते. प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणारी वेव्ह फाइल म्हणून काढा, नावात गाणं, वाद्य आणि बीपीएम लिहा. गाण्याविना मिक्स आणि फक्त गाण्याचं मिक्सही त्याच दिवशी काढून ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, एक दुसऱ्या घरी. लयीचा नकाशा आणि हार्मोनियमच्या सुराचा तो आकडा त्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी बासरीची एक ओळ बदलायची झाली तर सगळ्यात आधी तोच शोधावा लागतो.